प्रत माहितीसाठी

मेल आला तेव्हा मुकुलच्या डोक्याला डाय लावलेला होता, त्यामुळे त्याला उठून कुठं जाता आलं नाही. वर्तकनगरमधल्या उत्तमच्या सलूनमध्ये, आरशासमोरच्या दुसऱ्या खुर्चीत, गळ्याभोवती काळं प्लास्टिक गुंडाळून तो बसला होता. "पावणेदोन झाले. सव्वादोनपर्यंत हलायचं नाही साहेब," असं बजावून उत्तम दारात जाऊन शेजारच्या मेडिकलवाल्याशी गप्पा मारत उभा राहिला होता. मुकुलनं प्लास्टिकखालून हात काढला आणि मोबाइल उघडला. मेल स्लोव्हेनियाहून होता. सहा महिने तो ज्याची वाट पाहत होता तोच. सुरुवात 'प्रिय प्रितम' अशी होती. मुकुलला आधी वाटलं, बाईंनी गडबडीत दुसऱ्याचं पत्र आपल्याला पाठवलं. मग त्यानं वर पाहिलं. पत्र प्रितमलाच होतं. मुकुलचं नाव त्याच्या खालच्या ओळीत होतं, सीसीच्या पुढं. सत्तावीस वर्षं 'नवोन्मेष युवा मंच' चालवताना त्यानं स्वतः शेकड्यांनी पत्रं लिहिली होती, आणि प्रत्येकाच्या तळाशी 'प्रत माहितीसाठी' असं घालून खाली पाचसहा नावं दिली होती. ती नावं कुणाची असतात हे त्याच्याइतकं ठाण्यात कुणाला माहीत नसेल. ज्यांनी काही करायचं नसतं, पण कळवलं नाही तर ज्यांना वाईट वाटेल, अशांची.

पत्र लहान होतं. नदीकाठच्या एका गावातली ती तरुणांची संघटना. नेझा नावाची बाई तिचं परदेशाचं काम पाहायची. तिनं लिहिलं होतं की भारतातली भागीदार म्हणून त्यांनी प्रितमच्या 'तळ्यावरची पोरं' या गटाची निवड केली आहे. दोन वर्षं, सहा मुलं इकडून तिकडं, सहा तिकडून इकडं. एकच गोष्ट राहिली आहे. त्याच जिल्ह्यातल्या एखाद्या जुन्या संस्थेचं शिफारसपत्र लागतं, ते आज दुपारी बाराच्या बैठकीत असायला हवं; नसेल तर नियमाप्रमाणे यादीतल्या पुढच्या संस्थेचा विचार होईल. 'श्री. मुकुल यांच्या संस्थेनंही अर्ज केला होता, त्यामुळे त्यांना हे अवघड वाटू नये अशी आशा आहे. पण तुमच्या गटाला सगळ्यात जास्त ओळखणारे तेच, असं तू आग्रहानं सांगितलंस.' त्यांचे दुपारचे बारा म्हणजे आपले साडेतीन. मुकुलनं आरशात पाहिलं. कपाळाच्या कडेनं डायची जाड रेघ, त्याखाली एक्कावन्न वर्षांचा चेहरा. उद्या मंचाच्या सभासदांचा सामूहिक फोटो काढायचा होता, परदेशी भागीदारांना पाठवण्यासाठी. त्यासाठीच हा डाय होता.

यादीतली पुढची संस्था कोणती हे पत्रात नव्हतं, पण ते सांगायची गरज नव्हती. महाराष्ट्रातून शेवटपर्यंत दोनच टिकल्या होत्या, हे नेझानंच जूनमध्ये कळवलं होतं. म्हणजे मुकुलला काही करायचं नव्हतं. खोटं बोलायचं नव्हतं, कुणाचं वाईट चिंतायचं नव्हतं. नुसतं पावणेदोन ते साडेतीन या वेळात शिफारसपत्र लिहायचं नव्हतं. माणसाच्या डोक्याला डाय असू शकतो, मोबाइल घरी राहू शकतो. साडेतीननंतर त्यानं हळहळत फोन केला असता, 'अरे प्रितम, आत्ता पाहिलं रे', आणि प्रितम म्हणाला असता, 'असूदे ना सर'. तो तसंच म्हणाला असता, याचीच तर सगळी चीड होती. टाळूवर एका जागी चुरचुरायला लागलं होतं.

खुर्च्या प्रितम लावायचा. नऊ वर्षांपूर्वी, सतराचा असताना, शीळफाट्याकडच्या गावातून शेअर रिक्षा नि मग बस करत तो मंचाच्या व्यक्तिमत्त्व विकास शिबिराला आलेला, आणि त्याचं व्यक्तिमत्त्व पाहून मुकुलनं त्याला खुर्च्यांवर ठेवलं होतं. चार वर्षं, त्यानं मंच सोडेपर्यंत, 'खुर्च्या : प्रितम' ही ओळ नियोजनाच्या कागदावर कायम असायची. घरची भातशेती होती, तिच्यावर आता गोदामं उभी होती. पुढं पुढं बाप त्याला न्यायला जी गाडी घेऊन यायचा ती मुकुलच्या ऑफिसातल्या साहेबाकडंही नव्हती. पण पोरगं निमूट साठ खुर्च्या लावायचं, निमूट साठ उचलायचं. एकदाच त्यानं तोंड उघडलेलं. "सर, आज गोल लावूया का?" मुकुल मनापासून हसला होता. "गोल लावल्या तर व्यासपीठ कुठं रे?" आसपासचे सगळे हसले, प्रितमही हसला, आणि त्यानं खुर्च्या रांगेत लावल्या. हा प्रसंग मुकुल पुढं अनेक वर्षं भाषणात सांगत आला होता, तरुणांच्या निरागसतेचं उदाहरण म्हणून. कधीतरी मार्चमध्ये त्यानं तो सांगणं बंद केलं.

कारण फेब्रुवारीत ती व्हिडिओची भेट झाली होती. नेझा आणि तिचे दोन सहकारी लॅपटॉपच्या पडद्यावर, आणि इकडं सोसायटीच्या हॉलमध्ये मंचाचे पंचवीस सभासद, मागं फ्लेक्स, पुढं समई. आंतरराष्ट्रीय पातळीवरचा मंचाचा पहिलाच कार्यक्रम, म्हणून काही कमी ठेवलं नव्हतं. दीपप्रज्वलन झालं. पाहुण्यांचं शाल-श्रीफळ देऊन स्वागत झालं; म्हणजे श्रीफळ कळफलकावर ठेवलं आणि शाल पडद्याला पांघरली. शाल कॅमेऱ्यावरून काढायचं दोन मिनिटं कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि तेवढा वेळ स्लोव्हेनियाला नुसता शालीचा मरून रंग दिसला. मग मुकुलचं प्रास्ताविक. मंचाची स्थापना, मंचाची वाटचाल, मंचासमोरील आव्हानं. मध्ये एकदा नेझानं हात वर करून विचारलं की तरुणांशी बोलता येईल का. "नक्की! शेवटी तेच आहे," मुकुल म्हणाला. शेवटी त्याच्या मुलीनं, वल्लरीनं, आभारप्रदर्शन केलं. एकोणीस वर्षांच्या वल्लरीनं अध्यक्षांचे, हॉलच्या वॉचमनचे आणि ध्वनिव्यवस्थेचे आभार मानले आणि वेळ संपली. घरी जाताना ती म्हणाली, "बाबा, ती 'यंग पीपल' म्हणाली तेव्हा तुम्ही माइक स्वतःकडं ओढलात."

"मग कुणाकडं द्यायचा होता?"

वल्लरीनं त्याच्याकडं पाहिलं. "हो ना," ती म्हणाली. मग चार पावलं पुढं गेल्यावर, सहज बोलल्यासारखं, "प्रितमनंपण अर्ज केलाय म्हणे."

अर्जात एक प्रश्न होता : निर्णय घेणाऱ्यांपैकी तिशीच्या आतले किती? मुकुलनं तिथं 'आमचे सर्व सभासद मनाने तरुण आहेत' असं लिहिलं होतं. दोनदा त्यानं अध्यक्षपद सोडायची तयारी दाखवली होती. दोन्ही वेळा सभासदांनी एकमुखानं विनंती करून त्याला थांबवलं होतं, आणि त्या विनंतीचा मसुदा दोन्ही वेळा त्यानंच करून दिला होता, कारण मुलांना मसुदा जमत नाही.

वल्लरीनं सांगितल्यानंतरच्या रविवारी तो स्कूटर काढून शीळफाट्याकडं गेला. उत्तराला, बायकोला, म्हणाला की डोंबिवलीला प्रभाकरकडं जाऊन येतो. प्रभाकर त्याचा मावसभाऊ. त्याच्याशी मुकुलचं बारशा-लग्नापलीकडं बोलणं नव्हतं. मुकुलचा हेतू शुद्ध होता. पोराला काही मार्गदर्शन लागेल, म्हणून. रस्त्याच्या एका बाजूला टायरवाल्याचं दुकान आणि समोर प्रितमच्या घरचं पत्र्याचं रिकामं गोदाम, शटर वर केलेलं, त्याच्या मागं तळं. मुकुलनं टायरवाल्याकडं स्कूटर लावली आणि वाट पाहिली. सत्तावीस वर्षांत तो कुठल्याही सभेत आपणहून शिरला नव्हता. कुणीतरी दारापर्यंत येतं, 'या सर' म्हणतं, मग जायचं असतं. कुणी आलं नाही. आत वीसपंचवीस पोरंपोरी, दुधाचे आणि भाजीचे क्रेट पालथे घालून बसलेली. गोल. "साहेब, हवा भरायची का?" टायरवाल्यानं विचारलं. मुकुल हो म्हणाला.

असे एकूण अकरा रविवार झाले. उत्तरा एकदा म्हणाली, "प्रभाकरभावजींशी बरीच गट्टी जमलीय हल्ली," आणि पुढं काही न विचारता पोळ्या लाटत राहिली. प्रभाकरकडंही खरंच जावं लागायचं, नाहीतर खोटं ठरलं असतं. आणि तिकडं प्रभाकरची अशी खात्री झाली होती की याला आपल्याकडून काहीतरी हवंय, त्यामुळे तो दर वेळी जास्त जास्त सावध चहा पाजायचा. स्कूटरची चाकं दगडासारखी टणक झाली होती. मुकुलनं कॉलेजात असताना एका मुलीच्या घरासमोर असेच रविवार काढले होते, पण तेव्हा निदान कारण सांगता येत होतं. इथं तो एका पत्र्याच्या शेडकडं बघत उभा राहायचा, आणि बघता बघता त्याला पोरांची नावं पाठ झाली, कोण कुणावर रुसलंय ते कळायला लागलं, एखादा क्रेट रिकामा दिसला की आज हा का नाही आला म्हणून काळजी वाटायला लागली. आपल्या मंचातल्या पंचवीसपैकी अकरा जणांची नावं त्याला नीट सांगता आली नसती. त्यांच्यात बोलण्याची एक रीत होती. तळं साफ करून आल्यावर सभा बसायची, आणि खराटा ज्याच्या हातात असेल त्यानं बोलायचं. बाकीचे गप्प. प्रितमची चुलतबहीण करिश्मा, वीस वर्षांची, रस्त्यापलीकडं ऐकू जाईल असं खेकसायची, "दादा, तू उगी ऱ्हा! तुजा नंबर आयला का बोल!" आणि दादा उगी राहायचा. प्रितमची आजी सखुबाई मध्येच यायची, तीही खराटा येईपर्यंत थांबायची, आणि हातात आला की उभ्यानंच बोलायची. तळ्याचं पाणी कुठून यायचं आणि कुठल्या इमारतीनं ते अडवलं हे तिला ठाऊक होतं. एकदा ती पोरांना म्हणाली, "तुमी गुगलवर बगताव, मी पान्यात उबी व्हते," तर सगळी गोदामभर हसली. टायरवालाही हसला. मुकुललाही हसू आलं, आणि मग ते गिळावं लागलं. फुकटचं हसायला तो काही त्यांच्यातला नव्हता.

"साहेब, झाला टाइम," उत्तम आत येऊन म्हणाला.

"थांब जरा."

"अहो, जास्त ठेवला तर रिक्षाच्या हुडासारखं दिसंल."

"उत्तम, थांब म्हटलं ना."

सव्वादोन झाले होते. साडेतीनपर्यंत गप्प बसलं की झालं. मुकुलनं गप्प बसून पाहिलं. पंख्याचा आवाज ऐकला, आफ्टरशेव्हच्या बाटल्या मोजल्या. आणि हळूहळू त्याच्या लक्षात आलं की हे आपल्याला जमणार नाही. कोणत्याही कार्यक्रमात बाकी कुणी काही म्हणो, शेवटी दहा मिनिटं अध्यक्षीय समारोप असतो. सगळे बोलले, निकाल लागला, आणि अध्यक्ष बोललेच नाहीत, असं होत नाही. शिवाय नुसतं गप्प राहणं प्रितमला कळणारसुद्धा नाही. त्याला कळायला हवं होतं. मुकुलनं दोन्ही हात प्लास्टिकबाहेर काढले आणि लिहायला घेतलं.

इंग्रजीत लिहायचं होतं, आणि ते आश्चर्य वाटावं इतकं भराभर आलं. या संघटनेविषयी काही बाबी निदर्शनास आणणं मी कर्तव्य समजतो, असं त्यानं सुरुवातीला लिहिलं. या संघटनेला अध्यक्ष नाही. सभा ठरल्या वेळी, कुणाचीही वाट न पाहता, मान्यवरांशिवाय सुरू होते. बोलण्याचा अधिकार पदावर नव्हे तर एका खराट्यावर अवलंबून असतो. संस्थापकाला वीस वर्षांची मुलगी सर्वांदेखत गप्प करते आणि तो गप्प बसतो. युवा संघटना असूनही तिथं सत्तर वर्षांची बाई बोलते, आणि तिचं म्हणणं कामात धरलं जातं; एका पावसाळी नाल्याचा मार्ग तिच्या सांगण्यावरून बदलून घेतल्याचं माझ्या माहितीत आहे. भांडणं उघडपणे होतात, ती इतिवृत्तात घेतली जात नाहीत. मे महिन्यात तळ्याच्या कार्यक्रमाला परिसरातील प्रतिष्ठितांना बोलवावं असं संस्थापकाचं मत होतं. मतदान झालं, चौदा विरुद्ध नऊ असा संस्थापक हरला. इथं मुकुलचा अंगठा क्षणभर थांबला. मग त्यानं लिहिलं : त्यांचं नेतृत्व भावनाप्रधान आहे. हरल्यावर तो शेडच्या कडेच्या नळावर गेला, बराच वेळ तोंड धूत राहिला, आणि परत येऊन सगळ्यात आधी त्यानंच झाडायला घेतलं. अशा व्यक्तीला कितपत नेता म्हणावं, याचा विचार आपण करावा.

त्यानं परत वाचलं. पत्र कडक होतं. तरी त्यानं ते पुन्हा एकदा वाचलं; स्वतःचा अहवाल त्यानं कधी दोनदा वाचला नव्हता. पत्ता घालताना त्यानं नेझाचं नाव वर टाकलं, आणि मग, आजच्या दिवसातला पहिला आनंद म्हणावा असा, प्रितमचं नाव सीसीत टाकलं. प्रत माहितीसाठी. दोन वाजून एकतीस मिनिटांनी त्यानं ते पाठवलं.

दोन वाजून एकोणचाळीसला फोन वाजला. उत्तम तोपर्यंत मागं येऊन, हातमोजे चढवून, कुणी मोठ्या ऑपरेशनला उभं राहावं तसा उभा होता.

"सर," प्रितम म्हणाला. मागं पोरांचा कलकलाट होता, कुणीतरी शिट्टी मारत होतं. "सर, नेझाचं आलं पण उत्तर. वाचलंत?"

"नाही."

"ती बोलते, असं शिफारसपत्र त्यांना कधीच कोणी दिलं नव्हतं. लोक नुसतं 'मेहनती, होतकरू' लिहितात. बैठकीत वाचून दाखवणार आहेत." तो थांबला. "सर, खरं सांगू? आमच्याबद्दल एवढं चांगलं कोणीच लिहिलेलं नाही."

मुकुल आरशात बघत राहिला. एखाद्याला ढकलावं आणि तो त्या धक्क्यानं नेमका चालू गाडीत चढावा, असं काहीतरी झालं होतं, आणि ढकलणाऱ्याला आता हात हलवत उभं राहायचं होतं. "कर्तव्य होतं," तो म्हणाला.

पलीकडचा कलकलाट कमी कमी होत गेला. प्रितम चालत कुठंतरी बाजूला जात असावा. मग त्याचा आवाज एकदम जवळ आला. "सर, नळावरचं तुम्हाला कोणी सांगितलं?"

मुकुलनं फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर नेला.

"नाय, म्हणजे ते कोणालाच म्हाईत नाय, सर. करिश्मालापण नाय. मी तिथं एकटाच गेलेलो." मग त्याला काहीतरी सुचलं असावं. "सर, तुम्ही आलेलात?"

"समोर टायरवाला आहे," मुकुल म्हणाला. "स्कूटरमध्ये हवा भरायची होती."

"मे महिन्यात?"

"मे महिन्यात. आणि नंतरही."

प्रितम हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं, रागावता तरी आलं असतं. "मग आत का नाही आलात सर?"

याला उत्तरं होती. वेळ नव्हता, तुमच्या कामात व्यत्यय नको, तरुणांना मोकळीक द्यावी असं माझं पहिल्यापासूनचं धोरण. सत्तावीस वर्षांची भाषणं घशापर्यंत येऊन उभी राहिली. पण बाहेर पडला तो आवाज कुणा वेगळ्याचाच होता, गल्लीतल्या क्रिकेटमध्ये ज्याला कुठल्याच बाजूनं घेतलं नाही अशा पोराचा.

"तू बोलावलं नव्हतंस."

उत्तमनं हातमोज्यांची बोटं ताणली आणि सभ्यपणे छताकडं पाहिलं.

"सर, आम्ही कोणालाच बोलवत नाय," प्रितम हळू म्हणाला. "ज्याला यायचं तो येतो. क्रेट ओढतो नि बसतो."

"साहेब, आता माझ्यावर नाही हां," म्हणून उत्तमनं त्याची मान बेसिनमध्ये वाकवली आणि नळ सोडला. फोन समोरच्या फळीवर, बाटल्यांच्या रांगेत, चालूच राहिला. डोक्यावरून थंड पाणी आलं. पांढऱ्या बेसिनमध्ये काळे ओघळ गोल फिरत जाळीत उतरायला लागले. पाण्यातून प्रितमचा आवाज तुटक येत होता. हॅलो, सर, रविवारी, दहाला, येताय का. मुकुलच्या मनात पहिली गोष्ट आली ती अशी की प्रितम स्वतः कुठल्या क्रेटवर बसतो ते आपल्याला माहीत आहे, तो शटरजवळचा, निळा, आणि आपण तिथं लवकर पोचलो तर तो रिकामा असेल. या विचाराची त्याला लाज वाटली, पण विचार गेला नाही.

"क्रेट असतात ना तिथं?" त्यानं बेसिनमध्ये तोंड ठेवूनच विचारलं.

"असतात ना. कमी पडला तर आजी उठंल. ती तशीपण उभ्यानंच बोलते."

फोन बंद झाला. उत्तमनं टॉवेलनं त्याचं डोकं खसाखसा पुसलं, खुर्ची आरशाकडं वळवली आणि दोन पावलं मागं सरकून पाहिलं. केस कोळशासारखे झाले होते. एवढे काळे केस मुकुलला विसाव्या वर्षीही नव्हते. पण उत्तमचं लक्ष केसांकडं नव्हतं. त्यानं ओल्या कापसानं आधी एका, मग दुसऱ्या कानाच्या मागं घासलं, कापूस पाहिला, परत घासलं.

"सांगत होतो मी. कानामागं उतरलाय, साहेब. मानेवर पण."

"रविवारपर्यंत जाईल?"

"आठ दिवस तरी नाय जायचा. पण त्यात काय, समोरून कुठं दिसतंय?"

मुकुलनं आरशात समोरून पाहिलं. खरंच काही दिसत नव्हतं. व्यासपीठावरच्या माणसाला लोक समोरूनच पाहतात. त्याच्या मागं नुसता फ्लेक्स असतो. मग त्यानं मान थोडी डावीकडं वळवली, तशी कानामागची काळी रेघ दिसायला लागली.

"गोल बसतात ते," तो उत्तमला म्हणाला.